चार रविवार, दोनशे रुपये आणि आलूवाला जनरल

आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडच्या मागे एका कृषी केंद्राच्या वरच्या माळ्यावर जी अभ्यासिका आहे, तिच्याबद्दल हे लिहितो आहे. नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि चालवणारा पोरगा ओळखीतला आहे. ज्याला जायचं त्याला जिना सापडेल. कीटकनाशकाचा वास जिथून सुरू होतो तिथून वर चढायचं.

मी यवतमाळ जिल्ह्यात तेहतीस वर्षं कृषी सहायक होतो. आता निवृत्त. सहा एकर आहे, त्यात कपाशी आणि तूर. पुतणी राज्यसेवेची तयारी करते, ती या अभ्यासिकेत महिना सातशे रुपये भरून बसते. मे महिन्यात शेतात काही काम नसतं, घरी मी आणि कूलर. एक दिवस ती म्हणाली, "मोठेबाबा, दिवसभर मोठीआईचं डोकं खाऊन राहिले तुम्ही. त्यापेक्षा रविवारी या ना आमच्याकडं. बाहेरच्या लोकायसाठी पण इतिहासाचे वर्ग हायेत. चार रविवारचे दोनशे."

"कोणाचा इतिहास?"

"रशियाच्या एका जनरलचा."

मला वाटलं पोरगी मजा करून राहिली. पण सौ.नेच दोनशेची नोट काढून दिली. यावरून घरात माझी किती गरज होती ते कळावं.

आधी जागा. हॉल लांबट, बेचाळीस खुर्च्या, भिंतीकडे तोंड करून केलेले लाकडी कप्पे. रविवारी सकाळी नऊ ते साडेअकरा कप्पे बाजूला सरकवून मधे खुर्च्या मांडतात. खुर्च्या प्लास्टिकच्या, त्यातल्या सहा हातवाल्या. त्या साडेआठलाच जातात. इन्व्हर्टर आहे, तो पंख्यांना पुरतो, कूलरला नाही. पाण्याचा माठ आहे आणि माठातलं पाणी खरंच गार असतं, हे मी मुद्दाम नोंदवतो. संडास खालच्या दुकानदाराशी सामायिक आहे आणि रविवारी दुकान बंद. हे मात्र साठीच्या माणसाने विचारून घ्यावं.

कूलरची वेगळी गोष्ट. तो दाराशी आहे, जुना, लोखंडी, वाळ्याच्या ताट्यांचा. थंड झकास करतो, पण त्याचा आवाज थ्रेशरसारखा. दुसऱ्या रांगेच्या मागे सरांचं वाक्य अर्धं पोचतं. सर म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले इतिहासाचे प्राध्यापक, आवाज मुळातच बारीक. मग त्यांनी युक्ती काढली. महत्त्वाचं काही आलं की हात वर करायचे, दाराजवळचा पोरगा कूलर बंद करायचा. बेचाळीस अंशांत कूलर बंद झाला की आपण आपोआप कान देतो. चार रविवारांनंतर माझ्या लक्षात काय राहिलं तर जे घाम गाळून ऐकलं ते.

जनरलचं नाव पावेल दमित्रियेविच किसेल्योव्ह. जन्म १७८८, मॉस्को. पहिल्या रविवारी लढाया झाल्या: १८१२ ला नेपोलियनविरुद्ध बोरोदिनो, मग जनरल मिलोरादोविचचा सहायक, मग झार अलेक्झांडरच्या जवळच्या लोकांत. स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी सगळ्या तारखा उतरवून घेतल्या. मला त्यात रस वाटला नाही. घोडे, तोफा, बर्फ. मी खिडकीतून खालच्या गाड्यावर आलुबोंडे तळताना बघत होतो. (त्या आलुबोंड्याचा विषय पुढे येणार आहे.)

पण एक गोष्ट सांगताना सरांनी हात वर केले आणि कूलर बंद झाला. हा माणूस तुल्चिन नावाच्या गावी दुसऱ्या सैन्याचा चीफ ऑफ स्टाफ होता. तिथे १८२३ मध्ये मोर्दविनोव्ह नावाच्या दुसऱ्या एका जनरलचं पद गेलं, त्याने त्याचा राग याच्यावर धरला आणि द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. किसेल्योव्हने ते घेतलं. मोर्दविनोव्ह मेला. याने स्वतःच झारला कळवलं, झारने माफ केलं. आणि त्याच सैन्यात पेस्तेल नावाचा अधिकारी होता, जो झारशाही उलथवायचा बेत करत होता आणि १८२६ मध्ये फासावर गेला. साहेब मात्र वाचला. नव्या झारने, पहिल्या निकोलसने, त्याला ठेवून घेतलं.

शेजारच्या खुर्चीवर निवृत्त ग्रामसेवक बसले होते. ते हळूच म्हणाले, "हा माणूस बदली टाळण्यात हुशार दिसते." वर्गात असे शेरे चालतात. सर हसतात. ही या सेवेची जमेची बाजू.

दुसरा रविवार. १८२८-२९ च्या युद्धात रशियाने तुर्कांना हरवलं, आद्रियानोपलचा तह झाला, आणि डॅन्यूब नदीकाठची मोल्दाव्हिया व वलाखिया ही दोन संस्थानं रशियन सैन्याच्या ताब्यात आली. आजच्या रुमानियाचा मोठा भाग. तिथला कारभार १८२९ ते १८३४ किसेल्योव्हने बघितला. एक फौजी माणूस, आणि त्याच्या पुढ्यात प्लेग, कॉलरा, रिकामी तिजोरी. त्याने डॅन्यूबच्या काठाने क्वारंटाइनची ठाणी बसवली. दोन्ही संस्थानांना जवळपास सारखीच एक राज्यघटनेसारखी नियमावली दिली, वलाखियात १८३१ ला, मोल्दाव्हियात १८३२ ला लागू. बुखारेस्ट शहरात आजही त्याच्या नावाचा झाडीचा मोठा रस्ता आहे. आपण ज्याला कब्जा म्हणतो त्या कब्जेदाराचं नाव तिथल्या लोकांनी रस्त्याला ठेवलं आणि राखलं, याचा मला अचंबा वाटला.

पण सर इथे थांबले नाहीत, आणि म्हणून मी त्यांना मानतो. म्हणाले, रस्ता बघितला, आता वेठ बघा. हात वर. कूलर बंद.

त्या नियमावलीत शेतकऱ्याने जमीनदारासाठी वर्षाला किती दिवस फुकट राबायचं ते लिहिलं होतं. बारा दिवस. ऐकायला किती माफक! पण नियम ठरवायला बसलेले लोक कोण, तर बोयार, म्हणजे तिथले जमीनदारच. त्यांनी 'एक दिवस' म्हणजे किती काम हेही लिहून ठेवलं, आणि ते एवढं की सूर्य उगवून मावळला तरी तो 'एक दिवस' संपायचा नाही. एक दिवसाचं काम पुरं व्हायला कित्येक दिवस. मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात नेमकी हीच नियमावली घेऊन चिरफाड केली आहे, असं सरांनी सांगितलं.

मागून एक बाई उभ्या राहिल्या. रोजगार हमीच्या कामावर मेट, म्हणजे मजुरांची मुकादम, म्हणून राबलेल्या, मुलीला सोडायला आल्या होत्या आणि उन्हामुळे थांबल्या होत्या. त्यांनी फी भरलेली नव्हती. "म्हणजे आमच्या मोजमापावानीच ना सर? हजेरी सहा दिवसाची, अन् खड्डा मोजला का चार दिवसाची मजुरी. मुरूम लागला तं आमचा दोष."

सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, तुम्ही पुढं या, इथं बसा." आणि त्यांना हातवाल्या खुर्चीत बसवलं. ज्या पोराची ती खुर्ची होती त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

तिसऱ्या रविवारसाठीच खरं तर मी हे लिहायला घेतलं. त्या दिवशी मी साडेआठला हजर होतो.

किसेल्योव्ह तरुणपणीच, १८१६ मध्ये, झारला एक टिपण देऊन बसला होता की भूदास पद्धत, म्हणजे जमिनीसोबत शेतकरीही जमीनदाराच्या मालकीचा, ती हळूहळू संपवा. टिपण पडून राहिलं. पुढे निकोलसने त्याला आपला "शेतकरी खात्याचा चीफ ऑफ स्टाफ" म्हटलं. १८३७ च्या अखेरीस सरकारी मालमत्तेचं नवं मंत्रालय काढलं आणि ते याच्या हाती दिलं. सरकारी शेतकरी म्हणजे ज्यांच्यावर कोणी जमीनदार नाही, थेट सरकारच मालक. देशातल्या शेतकऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. त्यांच्यासाठी या माणसाने काय काय मांडलं ते ऐकून मला वाटलं आमच्याच खात्याचा वार्षिक आराखडा वाचून राहिले: गावाची पंचायत, शाळा, दवाखाने, दुष्काळासाठी धान्याची कोठारं, भूमिहीनांचं दुसरीकडे वसवणं, आणि कर माणशी न घेता जमीन मोजून तिच्या उत्पन्नावर. सगळं चांगलं. एकही कलम असं नाही ज्यावर मी सही केली नसती.

आणि आलू.

(आमच्याकडे बटाटा कोणी म्हणत नाही. पुण्याच्या वाचकांनी समजून घ्यावं.)

१८३९-४० ला पीक बुडालं. सरकारने हुकूम काढला की गावाच्या सामायिक जमिनीत आलू लावा. उद्देश सरळ: गहू-राय गेली तरी जमिनीखाली काहीतरी राहील. शेतकरी म्हणून मी सांगतो, विचार पक्का आहे. पण ज्यांनी आलू कधी खाल्ला नाही त्यांना तो सैतानाचं फळ वाटला. झाडाला वर येणारी हिरवी फळं कोणी खाल्ली तर विषबाधा होतेच, म्हणजे भीतीला बूडही होतं. आणि त्याच सुमाराला नवे अधिकारी, नवी मोजणी, नवे कागद गावात येत होते. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. बातमी फिरली की आपल्याला कोण्या मालकाच्या नावावर लिहून देऊन राहिले, आलू लावला की सही झाली. पेर्म, व्यात्का, कझान आणि आजूबाजूच्या प्रांतांत १८४० ते १८४४ दंगे झाले. पाच लाखांहून जास्त शेतकरी त्यात ओढले गेले असं इतिहासकार धरतात. फौज गेली, फटके मारले, काहींना हद्दपार केलं. शेवटी १८४३ मध्ये सक्ती मागे घेतली आणि जो आलू चांगला पिकवील त्याला बक्षीस, असं धोरण केलं.

इथे कूलर बंद होता आणि मी दुसरीकडेच होतो.

२०१६ चा उन्हाळा. मृदा आरोग्य पत्रिकेसाठी मातीचे नमुने घ्यायचे होते. काम असं: शेतात नागमोडी चालत सात-आठ ठिकाणी वीतभर खोल, उतरत्या बाजूंचा खड्डा करायचा, त्याच्या कडेची माती वरून खालपर्यंत खुरप्याने पातळ कापून घमेल्यात घ्यायची. सगळी एकत्र करायची, कपड्यावर पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, परत मिसळायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. मग पिशवीत चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि गट नंबर. हे मी शेकडो वेळा केलं. एका गावात एक म्हातारी बाई आली आणि माझ्या तिसऱ्या खड्ड्यात पाय सोडून बसली. उठेना. म्हणे, "आधी माती नेता, मंग मोजणीवाला येते, मंग रस्ता येते. माह्या भाच्याची जमीन अशीच गेली." मी कार्ड दाखवलं, ओळखपत्र दाखवलं, मोबाईलवर योजनेचं पत्रक दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं आणि मी त्या उन्हात ओरडत होतो. शेवटी सरपंचाला बोलावून तिला उठवलं. अक्षरशः दंड धरून. नमुना पुरा झाला, माझं उद्दिष्ट पुरं झालं. पत्रिका मात्र खरीप पेरून झाल्यावर आली. तिच्या घरी ती द्यायला मी गेलो नाही, दुसऱ्याच्या हाती पाठवली.

हे मी वर्गात सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सरांनी विचारलं की आपल्यापैकी कोणी सरकारी योजना गावात नेली आहे का. पुतणी मागे वळून बघत होती. तिला हे माहीत नव्हतं.

सर म्हणाले, "तुम्ही तिला विचारलं होतं का, भाच्याचं काय झालं?"

नव्हतं विचारलं.

मग चहाची सुट्टी. खाली गाड्यावर आलुबोंडा आणि तर्री. त्या दिवशी सगळ्यांनी आलुबोंडाच मागितला आणि गाडीवाला बुचकळ्यात पडला की आज भजी कोणी का खाईना. चहा पाच रुपये, कागदी कपात, दोन घोट. आलुबोंडा वीस, तर्री परत मिळते. अभ्यासिकेचा याच्याशी संबंध नाही, पण दोनशे रुपयांचा हिशेब करणाऱ्याने हे शंभर वरचे धरावेत.

आता तक्रारी.

एक. नोट्सचे साठ रुपये वेगळे, हे आधी कोणी सांगत नाही. बावीस पानांची झेरॉक्स, त्यातला नकाशा इतका काळा की डॅन्यूब नदी आणि पानाची घडी यांत फरक कळेना. पहिल्याच पानावर किसेल्योव्हचा मृत्यू १८२७ छापला आहे. त्यामुळे नोट्सप्रमाणे हा मेल्यावर दोन वर्षांनी संस्थानांचा कारभार बघतो आणि दहा वर्षांनी मंत्री होतो. खरं साल १८७२. आकडे उलटले. पोरं तेच पाठ करून परीक्षेला जाणार! मी काउंटरवर सांगितलं, पोरगा म्हणाला "पुढच्या बॅचला करू." पुढची बॅच कोणाची, मेलेल्याची?

दोन. चौथा रविवार पळवला. सरांना कुठेतरी लग्नाला जायचं होतं, सव्वादहालाच घड्याळ बघायला लागले. आणि नेमका त्या दिवशी माणूस फौजी-मंत्री सोडून राजदूत होणार होता. ज्याच्यासाठी वर्गाच्या पाटीवर "सेनापती ते मुत्सद्दी" लिहिलं होतं तो मुत्सद्दी पंचवीस मिनिटांत आटोपला. हे बरोबर नाही. त्या रविवारचे पन्नास रुपये मी अर्धेच वसूल धरतो.

त्या पंचवीस मिनिटांतही जे मिळालं ते सांगतो. निकोलसचं म्हणणं असं होतं की भूदासपण वाईट आहे हे खरं, पण आता त्याला हात लावणं त्याहून वाईट. १८४२ मध्ये एक कायदा आला की जमीनदाराला वाटलं तर त्याने शेतकऱ्यांशी करार करून त्यांना मोकळं करावं. 'वाटलं तर'. फार थोड्यांना वाटलं. मग क्रिमियाचं युद्ध हरलं, नवा झार आला, आणि १८५६ मध्ये अडुसष्टाव्या वर्षी किसेल्योव्हला पॅरिसला राजदूत म्हणून पाठवलं. पद मानाचं, पण एकोणीस वर्षं उभं केलेलं मंत्रालय हातून गेलं, आणि पुढच्याच वर्षी त्या खुर्चीत शेतकरी-मुक्तीच्या विरोधातला माणूस बसला. ग्रामसेवक म्हणाले, "साइड पोस्टिंग." बरोबर तोच शब्द.

पॅरिसमध्ये तो नुसता मेजवान्या झोडत बसला असं नाही. १८५८ मध्ये त्याच दोन संस्थानांचं पुढे काय करायचं याची परिषद तिथे भरली, तेव्हा रशियाकडून टेबलावर हाच होता. तीस वर्षांपूर्वी ज्या गावांची क्वारंटाइनची ठाणी याने लावली, त्यांच्या नशिबावर याचीच सही. पुढच्या वर्षी दोन्ही संस्थानांनी एकच राजा निवडला, कूझा, आणि रुमानियाची सुरुवात झाली. दोघांचा कारभार आधीपासून एका साच्यातला होता, तो याच्याच नियमावलीमुळे.

आणि १८६१ मध्ये रशियात भूदास मुक्त झाले तेव्हा हा पॅरिसलाच. कायद्याच्या मसुद्यावर राबणारा माणूस कोण, तर निकोलाय मिल्यूतिन. याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. दुसरा भाचा, दमित्री मिल्यूतिन, त्याच वर्षी युद्धमंत्री झाला. मामाने पंचेचाळीस वर्षांपूर्वी टिपण लिहिलं, भाच्याने कायदा लिहिला. सर हे बोलता बोलता झोळी खांद्याला लावत होते. मी हात वर केला की कूलर बंद करा, हे नीट सांगा. पण दाराजवळचा पोरगा आधीच खुर्च्या उचलत होता.

१८६२ ला किसेल्योव्ह निवृत्त झाला, पॅरिसमध्येच राहिला, तिथेच गेला, पुरला मॉस्कोला.

एका परीक्षार्थी पोराने शेवटी विचारलं, "सर, हे येते का पेपरले?" सर म्हणाले, "हा माणूस बहुतेक नाही यायचा." चार पोरांनी वह्या मिटल्या. ज्यांना गुणांसाठी जायचं त्यांनी हा वर्ग घेऊ नये, हे स्पष्ट सांगतो. पुतणीने मात्र वही मिटली नाही. घरी येताना गाडीवर मागून विचारलं, "मोठेबाबा, त्या आजीचं गाव कोणतं?"

मी सांगितलं. दारव्ह्याच्या अलीकडे आहे, बावीस किलोमीटर. गाडी तिकडे वळवली नाही, ऊन फार होतं.

गुण द्यायचे तर पाचपैकी चार. अर्धा कूलरने खाल्ला, अर्धा लग्नाने. माठ, सर आणि शेरे मारायची मोकळीक यांचे पूर्ण. फी रास्त आहे, नोट्स घेऊ नका, वही न्या. खुर्ची हवी तर साडेआठ म्हणजे साडेआठ. सांधे दुखत असतील तर जिना विचारात घ्या, एकवीस पायऱ्या आहेत आणि कठडा एकाच बाजूने.

पुढची मालिका दिवाळीनंतर आहे, कपाशीची पहिली वेचणी झाल्यावर. विषय वऱ्हाड: १८५३ ला निजामाने तो इंग्रजांच्या हवाली केला तिथपासून. मेट असलेल्या त्या ताईंनी या वेळी पैसे भरून नाव लिहिलं, माझ्या नावाच्या वरच. मी जागा सांगून ठेवली आहे, तिसरी रांग, खिडकीकडची, कूलरपासून लांब. दिवाळीनंतर कूलर लागत नाही हे मला घरी आल्यावर आठवलं.